ठोकळ्यांवरचा पलंग

रविवार, १३ एप्रिल २०२५

कच्चा मासा खाल्ला! मिठात मुरवलेला, वर बारीक कांदा. गाडीवाल्यानं करून दाखवलं — शेपटीला धरायचं, मान वर करायची, तोंडात सोडायचा. चारुता म्हणाली, "आजी, तुकडे करून देतो तो." म्हटलं, का गं? मला मान आहे की! नातजावई, आमचे प्रतीकराव, अंडंसुद्धा न खाणारे, तोंड फिरवून उभे. लोण्यासारखा विरघळला हो मासा. दुसरा मागितला.

आता हे सांगणार कुणाला? फोनला. प्रतीकनं सोय करून दिलीय — मी बोलायचं, फोन लिहून घेणार. मला अक्षर येत नाही, त्याला चव कळत नाही. बरी जोडी जमली.

बुधवार, १६ एप्रिल

संकष्टी. परदेशातलं हे डीमन गाव, पण इथल्या दुकानात ताक मिळतं, खोक्यात! दाट, आंबट, घरच्यासारखं. आणि चीजमध्ये काय घालतात — जिरं! चीज उपासाला चालतं का? दूध चालतं, जिरं चालतं. चाललं.

रात्रीचं जेवण वाढता वाढता चारुता म्हणाली, "आजी, मी घरीच बाळंत होणारे. इथं बऱ्याच जणी होतात."

घरी! एवढ्या काचेच्या इमारती बांधल्या यांनी, आणि बाळंतपण घरी? लेकीला रजा नाही म्हणून मी आले, ती दवाखान्यात डबा पोचवायला. हसले. म्हटलं, भात घे.

मंगळवार, २२ एप्रिल

सुईण आली. सायकलवरून! मारलीन नाव, दाराएवढी उंच. पोटावर यंत्र ठेवलं आणि खोलीभर बाळाचं काळीज — घोडा दौडत असावा तसं. तोंडात बोट घालून ऐकत बसले.

जाताना पलंगाच्या चारी पायांखाली ठोकळे द्यायला लावले. प्रतीक म्हणाला, "आजी, इथं नियमच आहे. त्यांना वाकावं लागू नये म्हणून." सुईणीच्या पाठीची काळजी! पलंग आता देव्हाऱ्यासारखा दिसतो.

माझी धाकटी जाऊ जमिनीवर बाळंत झाली, गोणपाटावर. कंदील मी धरला होता. बाळ गेलं, उजाडता उजाडता तीही गेली. वर्षात दिराचं दुसरं लग्न. घरात पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही. गरोदर बाईपुढं असलं बोलू नये. फोनपुढं बोलले.

शुक्रवार, २५ एप्रिल

इथले आप्पे खाल्ले. छोटे, लोणी-साखरेचे. गोड होते. घशाखाली उतरेनात — माझ्या! म्हणजे बघा.

मंगळवार, २९ एप्रिल

प्रतीकनं समुद्र दाखवला. गवताचा बांध, त्यावर मेंढ्या चरताहेत. बांधाच्या अल्याड घरं, पल्याड पाणी — आणि पाणी घरांपेक्षा वर! डोळे चोळून पाहिलं. दोरीवर कपडे वाळत होते तिथं, खाली.

विचारलं, "अरे, यांना झोप कशी लागते?"

"अहो आजी, बांधावर सारखं कुणाचं तरी लक्ष असतं."

मग मनातलं विचारूनच टाकलं — रक्त थांबलं नाही तर? तो चेष्टेवर नेईल वाटलं. नाही नेलं. "मारलीनला जरा शंका आली, तर ती स्वतःच गाडी बोलावणार. दवाखाना जवळ आहे. मलाही भीती वाटते, आजी."

घरी येऊन चार आप्पे खाल्ले.

सोमवार, ५ मे

मुलगी! घरीच. भर दुपारी.

मारलीन आली, कॉफी घेतली, एक बिस्किट खाल्लं, आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसली. ओरडा नाही, घाई नाही. इतका वेळ नुसतं लक्ष देऊन बसलेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं! चारुतानं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. बाळ रडलं, आणि प्रतीकराव भिंतीला टेकून खाली बसले, पांढरेफटक. माशाला भ्यालेला माणूस तो! नाळ बापानं कापायची म्हणे. मारलीननं त्याच्याकडे पाहिलं आणि कात्री माझ्यापुढं केली.

घेतली. कापली.

मग तिनं टोस्ट दिले — लोणी लावून, वर गुलाबी-पांढरे साखरेचे दाणे. चावले तर आत बडीशेपेची चव! बाळ झालं की हेच खातात म्हणे. बाळंतिणीला बडीशेप! म्हणजे इथंही आज्या होऊन गेल्या.

चारुता म्हणाली, "आजी, नाव तू सांग. इथं तीन दिवसांत नोंदवावं लागतं." सांगितलं. "कुणाचं गं?" म्हटलं, सव्वा महिना होऊ दे, मग सांगते.

शुक्रवार, ९ मे

इथल्या रीतीप्रमाणे खिडकीत मोठ्या अक्षरांत नाव लावलंय. बारसं व्हायचंय, म्हणून आम्ही अजून हाक मारत नाही. खाली रस्त्यावर जाऊन नुसती बघत उभी राहिले. मला कुठं वाचता येतं! पत्रं टाकणारा सायकल थांबवून उभा राहिला. मान वर केली, आणि माझ्या जावेला पंचावन्न वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं हाक मारली —

शोभा.