नायक खिडकीसमोरून हलत नाही

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. (रागवायचंही आहे, पण आधी आशीर्वाद संपवते.) कंबर कशी आहे? सेटवर शिडी चढताना पट्टा बांधतोस ना, की तो खुंटीलाच शोभतो? आईला फोन करत जा. ती माझ्याशी बोलते ते सगळं तुझ्याबद्दलच असतं.

तर तू ज्या सिनेमाची गल्ली ठोकलीस आणि रंगवलीस, तो आम्ही सहकुटुंब पाहिला. माझे सासू-सासरे त्यात दाखवलेल्या गावचेच, हे तुला ठाऊक आहेच. मूठभर हिंदू घरं होती, एका सकाळी चुलीवरचं दूध तसंच टाकून सगळ्यांना पळावं लागलं. सासरे हा विषय काढायला तोंड उघडतात न उघडतात, तोच सासूबाई उठून पंखा मोठा करतात, की संपला विषय. म्हणून मी धास्तावले होते, पर्स रुमालांनी फुगवून नेली.

रुमाल शेजारच्या बाईंनीच संपवले. (अनोळखी बाई, पण मध्यंतरात स्वतःचे पॉपकॉर्न मात्र एकटीनेच खाल्ले.) मागे एक गृहस्थ प्रत्येक प्रसंगाला "बघा, बघा!" म्हणून ओरडत होते, जणू आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तेवढ्यात आमच्या इमारतीतले प्राध्यापक "पण दुसरी बाजू कुठाय?" म्हणत उठले, तर मागचे "थांबा, तुमचीच बाजू बघतो!" म्हणून बाह्या सरसावून पुढे आले. दोघं एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले आणि माझे सासरे, जे रिक्षावाल्यालासुद्धा मोठ्याने हाक मारत नाहीत, उभे राहून गरजले, "आधी दोघंही खाली बसा! आमची खिडकी झाकलीत!"

अरे, नायकाच्या मागची ती खिडकी! एक झडप हिरवी, एक निळी. सासऱ्यांच्या घरी हिरवा रंग अर्ध्यावर संपला होता आणि त्यांनी शेजाऱ्याकडचा उरलेला निळा फासला होता. (तुझाही सेटवर तसाच संपला, हे तूच मला फोनवर दात काढत सांगितलंस. पुरेसा रंग आणणारा माणूस अजून जन्मायचाय.) बाहेर एका वार्ताहराने माईक पुढे केला, "आजोबा, राग आला का?" सासरे म्हणाले, "आला तर! त्या नायकाचा. लेकाचा जरा बाजूला होऊन रडला असता तर काय बिघडलं असतं?" माईक लगेच रुमालवाल्या बाईंकडे गेला.

तेव्हापासून सासू-सासरे दोघं त्याच सिनेमाच्या दुपारच्या खेळाला जातात आणि घरी येऊन त्या खिडकीबद्दलच बोलतात. खिडकीत कोण बसायचं, मांजर कुठून शिरायचं, सगळं. पंखा बंद आहे बरं का! म्हणून सांगते, तू इकडे आलास की तोंडाला कुलूप. ती खिडकी प्लायवूडची आहे हे कळलं तर दोघं पुन्हा गप्प होतील, आणि मी तुला जेवायला वाढणार नाही.

तुझी ताई

ता. क. सासरे आत्ताच स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले, "सूनबाई, तो सेट आहे, कळतं मला. आपली निळी झडप डावीकडे होती. पण हिला बोलू नकोस हं, किती वर्षांनी बोलायला लागली आहे."

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार, तोच सासूबाई आल्या. निळी झडप डावीकडे होती, हे त्यांनाही पक्कं आठवतंय. "यांना सांगू नकोस गं. ऐकलास ना त्या दिवशी थिएटरात यांचा आवाज? पूर्वी असाच होता."

बाबा रे, माझ्याच्याने आता दोन्हीकडून गप्प राहवत नाही. सिनेमा या आठवड्यात उतरतोय. ती खिडकी गोदामात पडली असेल तर घेऊनच ये, बैठकीतली एक भिंत रिकामी केली आहे. फक्त निळी झडप डावीकडे कर, आणि बिजागऱ्या खऱ्या लाव. दोघंही ती उघडून बघणार आहेत.