इंचाला अठरा दात

४ नोव्हेंबर

बाबा आज पुन्हा गच्चीवर. कठडा तुटलाय तिथे दादाने दोरी बांधली आहे. तिच्या अलीकडे टाचा जुळवून उभे होते. मी मागे जाऊन खोकले. वळले नाहीत. "चहा झालाय," म्हटलं. "ठेव, येतो." बऱ्याच वेळाने आले आणि गार चहा तसाच प्यायले.

रोज पाचला वर जातात. आई त्याच वेळी वाळलेले कपडे काढायला जायची.

दोरीने काय अडणार आहे?

५ नोव्हेंबर

दादाचा फोन. "वेल्डरला सांग, जुनं काढून नवं बसवेल. एवढं काय अवघड आहे?" तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. वेल्डर यायला तयारच आहे. बाबा नाही म्हणतात. "परका माणूस तिथे करवत चालवणार नाही." एवढंच बोलले आणि ताटावरून उठले.

आई कठड्याच्या वरच्या पाइपवर रेलली आणि पाइपसकट खाली अंगणात गेली. गंजला होता, सगळे म्हणतात. खालच्या काकू तर प्रत्येकाला सांगतात, "किती दिवस मागे लागली होती बिचारी, बदला म्हणून." खरंच लागली होती. फोनवर मलाही सांगायची.

जुनं मीच कापून काढणार. मी काही परकी नाही. वेल्डरने फक्त नवं बसवायचं. रजा महिनाअखेरपर्यंत आहे, तोवर ती बाजू बंद झाली पाहिजे. बाबांना त्या भगदाडापाशी एकटं सोडून मी जाणार नाही.

७ नोव्हेंबर

जिन्याखालच्या पेटीत बाबांचं करवतीचं मशीन सापडलं. पिस्तुलासारखं धरायचं, पुढे पातं पुढे-मागे सटासट हलतं. फांद्या छाटायला घेतलं होतं. ग्राइंडर नको. ठिणग्या उडतात आणि खाली काकूंच्या पडवीवर प्लास्टिकचे पत्रे आहेत.

पेटीत पातं एकच. तेही पार बोळकं झालेलं, मधले दातच गायब. माप कळावं म्हणून तेच घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार उलटसुलट करून म्हणाला, "फांदीत खिळा लागला असेल. असंच नवं देतो."

"मला लोखंडी पाइप कापायचाय."

"ताई, हे घेऊन जा. लाकूड, लोखंड, सासूची कटकट, सगळं कापतं."

दुकानातले दोघे हसले. मीही हसले असेन. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

८ नोव्हेंबर

नाही कापलं. तुटलेल्या जागेपासून लांब, दुसऱ्या टोकाशी सुरुवात केली होती. मशीन असं उसळलं की मनगट पिरगळलं. पाइप थरथरतोय, पातं नाचतंय आणि आवाज तर दाढ उपटल्यासारखा. पाइपला जेमतेम खाच पडली. पातं काढून पाहिलं तर मधले दात गेले!

बाबा जिन्याच्या दारात येऊन उभे होते. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आवाजाने. मी मशीन बंद केलं तसे ते खाली गेले. जेवले नाहीत.

९ नोव्हेंबर

"सगळं कापतं म्हणालात."

"लाकूड कापतं म्हणालो. बाकी बोलायची पद्धत झाली, ताई."

भांडले नाही. मला भांडता येत नाही. म्हटलं, पाकिटांमागे काय लिहिलंय ते मला वाचू द्या. त्याने खोकं पुढे सरकवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी सासूचा विनोद पुन्हा सुरू केला.

वाचून कळलं ते असं. इंचाला किती दात, त्यावर सगळं ठरतं. एका वेळी निदान तीन दात धातूत बसलेले हवेत. माझ्या पात्याला इंचाला सहाच दात होते. पाइपचा पत्रा पातळ, त्याची कड दोन दातांमधल्या खाचेत अडकते आणि मशीन मात्र ओढत राहतं. मग दातच तुटणार. जाड सळईला दहा किंवा चौदा दातांचं, अगदी पातळ पत्र्याला चोवीसचं, पाइपला अठराचं. शिवाय 'बायमेटल' लिहिलेलं हवं. त्याची पाठ लवचीक असते, दात तेवढे कडक. अठराच्या आखूड पात्यांचं पाकीट घेतलं. लांब पातं फडफडतं.

साधीच गोष्ट आहे. कुणालाही चुकता येईल अशी.

११ नोव्हेंबर

कापलं. पाइप आधी लाकडी ठोकळ्यांना दोरीने आवळून बांधला, थरथरू नये म्हणून. मशीनच्या तोंडाशी टेकू म्हणून असलेला लोखंडी पट्टा पाइपला घट्ट टेकवून धरला. वेग कमी. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. हातात आता झटका नाही, नुसती गुणगुण. लोखंडाचा कीस खाली पडतो, नव्या नाण्यासारखा चकचकीत. घाई केली की पातं तापतं आणि दात निळे पडतात, मग ते पातं गेलंच म्हणायचं. सावकाश चालवलं तर एकच पातं सगळ्याला पुरेल.

दोन उभे दांडे झाले. उद्या भिंतीकडचं थोटूक. पाइप तिथूनच तुटला होता.

१२ नोव्हेंबर

पट्टा कुठे टेकवायचा ते बघायला खाली वाकले आणि थोटकाचं टोक पहिल्यांदा जवळून पाहिलं.

वरच्या बाजूला पत्रा फाटलाय, ओढून तोडल्यासारखा. खालच्या बाजूला मात्र सरळ रेघ आहे. गंज इतका सरळ खात नाही. त्या रेघेवर आडव्या खडबडीत चऱ्या आहेत, माझ्या आठ तारखेच्या फसलेल्या खाचेवर आहेत अगदी तशाच.

माझ्या आधी इथे कुणीतरी तीच चूक केली होती.

१३ नोव्हेंबर

थोटूक कापून घरात आणलं. फटीत टाचणी घातली तर एक दात निघाला. जिन्याखालच्या पेटीतल्या बोळक्या पात्याशी लावून पाहिला. तिथलाच.

घरात ते मशीन फक्त बाबा वापरतात.

दादाला फोन लावला. त्याने "बोल" म्हटल्यावर हवापाण्याचं बोलले आणि ठेवला.

१४ नोव्हेंबर

दात नाल्यात टाकला. थोटूक भंगारवाल्याला दिलं. हात कितीदा धुतले तरी लोखंडाचा वास जात नाही.

१६ नोव्हेंबर

जेवताना बाबा एकदम म्हणाले, "तू कुठलं पातं वापरलंस?"

मी म्हटलं, "अठरा दातांचं."

भात कालवत राहिले. मग म्हणाले, "मी लाकडाचं लावलं होतं."

मी त्यांच्या ताटात वरण वाढलं.

"बदला, बदला म्हणून मागे लागली होती. म्हटलं, आज उरकूनच टाकू. दात गेले. म्हटलं, उद्या नवं आणतो. तिला सांगायचं राहिलं."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबा, भात गार होतोय." देवा, काय बोलले मी! पण ते जेवले. आणि नंतर म्हणाले, "दाखव बरं मला ते पातं."

दाखवलं. चष्मा लावून दातांवरून बोट फिरवलं. एका वेळी तीन दात का, तेल कशाला, वेग किती, सगळं विचारलं. मी उरलेल्या पाइपचा तुकडा कापून दाखवला. "असं होय," म्हणाले, "मी उगाच जोर लावत होतो." आई गेल्यापासून इतकं बोलले नव्हते. मला हलकं वाटलं. गाठ सुटली असं वाटलं.

२० नोव्हेंबर

वेल्डरने नवा कठडा बसवला. जुन्या कापांवर बोट फिरवून म्हणाला, "कुणी कापलं? हात बसलाय. सोमवारपासून कामाला या, चहा माझ्याकडून."

"मुलीनं कापलं," बाबा म्हणाले. किंचित अभिमानाने.

पांढरा रंग दिला. सगळा जोर लावून हलवून पाहिला. पहाड आहे.

२३ नोव्हेंबर

बाबा बोलते झाले आहेत. आज मला घरभर फिरवलं. पाण्याचा मुख्य कॉक कुठला, पंपाने हवा धरली तर काय करायचं, मागच्या दाराची कडी जरा उचलून लावायची. "दादाला जमणार नाही. तू लक्षात ठेव."

"तुम्ही आहात की," म्हटलं.

"हो, हो. तरी."

२५ नोव्हेंबर

काकू म्हणाल्या, "तुझे बाबा सावरले हो. काल स्वतःहून हसून बोलले माझ्याशी."

२८ नोव्हेंबर

बाजारातून आले तर बाबा गच्चीवरून खाली येत होते. आज पाचच्या आधीच वर गेले होते. हात मनगटापर्यंत ओले, साबणाने धुतलेले. "झाडांना पाणी घातलं," म्हणाले.

सतत एकच विचारतात, "परवा नक्की निघतेस ना? गाडी चुकवू नकोस." दादा म्हणतो, "जा आता, त्यांना सवय होऊ दे." बरोबर असेल त्याचं. रजाही संपली.

तरी बॅग भरताना दोनदा उठून वर बघून आले. कठडा जागेवर आहे. मलाच भास होतात.

२९ नोव्हेंबर

बॅग भरून झाली. उद्या सकाळी निघायचं. बाबा दुपारचे झोपलेत.

३० नोव्हेंबर

गेले नाही.

सकाळी टॉवेल वाळत घालायला वर गेले. कुंड्या कोरड्या ठणठणीत. कठड्याखाली जमिनीवर तेलाचे दोन थेंब आणि त्यात चिकटलेला कीस. माझ्या हातून पडलेला कीस दवाने कधीच लाल झालाय. हा चकचकीत आहे. खाली वाकून पाहिलं. नव्या पाइपला खालून काप आहे, दोन्ही टोकांशी. एकही चरी नाही. सरळ, सावकाश केलेला, मी शिकवला तसा.

बाबांना काही बोलले नाही. गाडी रद्द झाली असं सांगितलं. मशीन काकूंकडे ठेवलं, गच्चीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या मुठीत आहे. दादाला सगळं सांगितलं. तो निघालाय.

आता पाच वाजत आलेत. मी जिन्यात बसले आहे, मधल्या पायरीवर. खाली त्यांच्या चपलांचा आवाज येतोय.