तोकिझोने नाकारलेली होडी

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

कुवाताची निळी होडीही नापास! हा न्हावी मला होडी घेऊन देणार की जन्मभर दाखवण्याचे कार्यक्रमच करणार, देव जाणे.

तोकिझोचं दुकान सोमवारी बंद. त्यामुळे त्याने उभा जन्म दर सोमवारी शीड उभारून समुद्रात काढला, आणि मी संत्र्यांच्या शेडमध्ये लहान-मोठी निवडत बसलो. आता निवृत्त झालोय. एक छोटी शिडाची होडी हवी, बस. स्वस्तातली, नवशिक्याला झेपेल अशी. तर हा म्हणतो, होडी बघायला एकटा जाऊ नकोस, पहिल्या होडीला सगळे फसतात.

निळी मला फार आवडली होती. अठरा फुटी, फायबरची, दोन शिडं, एकट्याला आवरेल. तोकिझो होडीच्या वरच्या पाट्यावर गुडघे टेकून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेला. डोलकाठीजवळ आवाज भद्द झाला. म्हणाला, "फायबरखालचं लाकूड कुजलंय. दोन-तीन उन्हाळे काढेल, मग पाटा खचेल. तुला पंधरा वर्षं पुरणारी घ्यायची, इवाओ. घाई कसली आहे?"

कुवाता दातांचा डॉक्टर. त्याच्या देखत त्याच्या होडीला कुजकी म्हणाला! माझीच मान खाली.

२८ सप्टेंबर

आज लाकडी होडी. काय रूप! तोकिझो हसला. "घे की. वर्षातले आठ महिने रंग लावशील, चार महिने पाणी उपसशील." त्याआधी एकजण केबिनवाली फुकट देत होता, तीही नको. फुकटची होडी सगळ्यात महाग पडते म्हणे.

चिझुएचं वेगळंच. "अहो, पोहता येत नाही आणि होडी?" बायको एकीकडे, न्हावी एकीकडे.

१९ ऑक्टोबर

पोट पुन्हा दुखलं. चिझुएने ओढून शहरातल्या इस्पितळात नेलं.

१७ नोव्हेंबर

घरी आलो एकदाचा. अल्सर होता. डॉक्टर म्हणाले मोठा होता, पोटाचा बराच भाग काढावा लागला. आता दिवसभर थोडी थोडी पेज. हाल कुत्रा खात नाही.

तोकिझो येऊन अंथरुणातच दाढी करून गेला. एक टोमणा मारला नाही. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं असेल.

११ जानेवारी १९८८, सोमवार



तोकिझो सकाळी आला. मी म्हटलं, वसंतात पुन्हा होड्या बघायला लागू. तर म्हणतो, "बघायचं काय त्यात? कुवाताची निळी घेऊन टाक."

कुजलेली? तीच?

"ठीक आहे रे ती. पाटा काही लगेच खचत नाही. मार्चमध्ये पाण्यात घालू."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो खिडकीबाहेर बघत होता. सप्टेंबरात जी होडी मालकाच्या तोंडावर नापास केली, ती आता माझ्या गळ्यात बांधतोय! विचारलं, मधे काय झालं? म्हणाला, "काही नाही. नवशिक्याला चालेल." मी नवशिका आहे, तोकिझो. मूर्ख नाही.

१८ जानेवारी

तोकिझो जाऊन आता चिझुए! "अहो, ती निळी घ्याच. पैशांचं मी बघते." वर बाजारातून तरंगायचं जाकीट आणलंय, केशरी. ज्या बाईने होडीचं नाव काढलं की भांडी आपटली, ती जाकिटाच्या बंदाची लांबी माझ्या अंगाला लावून बघतेय.

दोघांचं ठरलंय. आपल्याच माणसांनी मिळून मला बनवावं? आठवलं की तोंड कडू होतं.

३१ जानेवारी, रविवार

आज सोक्षमोक्ष लावला. रविवारी दुकान भरलेलं असतं हे माहीत असूनच गेलो. चार माणसांसमोर विचारलं, "कुवाताकडून दलाली किती घेतलीस?"

कात्री थांबली. मला वाटलं चिडेल, वस्तरा फेकेल, निदान शिवी तरी देईल. तोकिझो कुणाचा अर्धा शब्द ऐकून घेत नाही.

मान खाली घालून म्हणाला, "घेतली. चुकलं माझं. पण होडी घे, इवाओ."

खुर्चीतला म्हातारा आरशातून माझ्याकडे बघत होता. मी बाहेर पडलो. शाळेत तोकिझो माझ्या डब्यातलं खायचा, तेव्हाही विचारून खायचा. आणि आता हे. मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही.

३ फेब्रुवारी

आज भुतं हाकलायचा दिवस. दारातून भाजलेले सोयाबीन फेकले. मग वयाइतके दाणे खायचे, वर एक पुढच्या वर्षाचा. चिझुए माझे मोजत होती, मधेच वाटी ठेवून आत गेली. दूध उतू गेलं म्हणाली. चुलीवर दूध नव्हतंच. उरलेले मीच मोजून खाल्ले, पोटाला सोसेनात तरी.

दाढी स्वतः केली. हनुवटी कापली.

८ फेब्रुवारी, सोमवार

कुवाताकडे गेलो होतो. म्हटलं, ज्याने दलाली दिली त्याच्याच तोंडून ऐकू.

तो बुचकळ्यात पडला. "कसली दलाली? तोकिझोसान दोनदा येऊन गेले. दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणाले. इवाओसानना याच वसंतात समुद्रावर जायचंय, उशीर चालणार नाही म्हणाले." एवढं बोलला. मग स्वतःच्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, होडी अशीच न्या, पैसे नकोत.

बंदराच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. जो माणूस चोरी न करता चार लोकांत चोर म्हणवून घेतो, तो काय झाकत असेल?

मग एकेक आठवत गेलं. डॉक्टरांनी चिझुएला आतल्या खोलीत बोलावलं होतं, मला बाहेर बसवून. परत आली तेव्हा तिने माझा कोट उलटा धरला होता. टोमणा न मारता केलेली दाढी. वाटीतले दाणे. पंधरा वर्षांची होडी शोधणारा माणूस दोन उन्हाळ्यांच्या होडीवर आला!

अल्सर नव्हताच. कर्करोग आहे, आणि गावात तो मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

आमच्याकडे डॉक्टर रोग्याला सांगत नाही, घरच्यांना सांगतो. पोस्टमास्तर मियाके कर्करोगाने गेले, त्यांच्या दुखण्यालाही सगळं गाव अल्सरच म्हणत होतं. मीसुद्धा संत्र्यांची पेटी घेऊन गेलो होतो आणि उन्हाळ्यात मासे धरायला जाऊ म्हणालो होतो. तेव्हा ते दया वाटायचं. त्यांच्या जागी स्वतः आल्यावर कळतं! माझं मरण माझ्याआधी न्हाव्याला कळावं? बायकोने रोज समोर बसून पेज वाढावी आणि एक शब्द बोलू नये? इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. आणि भांडायचं तरी कुणाशी. दोघांचे डोळे महिनाभर लाल आहेत, आणि मी बैल, मला वाटत होतं हा सगळा दलालीचा खेळ आहे.

२९ फेब्रुवारी, सोमवार

निळी होडी घेतली. तोकिझोला घरी बोलावलं, दलालीचं माफ केलं म्हटलं. पण एका अटीवर: डोलकाठीजवळचा पाटा नवा घालून दे, मला ही होडी पंधरा वर्षं चालवायची आहे. तो म्हणाला, "पंधरा काय, वीस चालेल." चिझुए म्हणाली, "तोवर अहो, पोहायलाही शिकाल." मी म्हटलं, हो. दोघांचे चेहरे किती उजळले! मला काही कळलंय हे त्यांना कधीच कळू देणार नाही.