दादाचे पाय आणि वहिनीचे मंगळवार

मंगळवार, भूम

दादाची चप्पल आजही रस्त्यात पायातून निसटली आणि त्याला कळलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं: वर्षानुवर्षांची दारू, त्यात शुगर, त्यात उपाशी पोट, अशानं पायाच्या नसा मरतात. आणि वहिनीनं दारू सुटावी म्हणून त्याला तुळजाभवानीचे कडक मंगळवार धरायला लावले! दारू चालूच, जेवण तेवढं बंद. तळवा पोळला तरी चप्पल आठवली नाही त्याला!

मी ओरडलो. दादा हसला, "भाषण चौकात कर. इथं टाळ्या न्हाय मिळायच्या."

सभा गाजवतो मी, आणि घरात दादासाठी एक ताट वाढून घेता येईना? म्हणालो, "वहिनी, त्याचे उपास मी करतो. त्याला जेवू द्या."

"भावजी, तुमी देवच मानत न्हाय. तुमचा उपास देवीला कसा पोचंल?"

दादा उपाशीच बाहेर पडला, गुत्त्याकडं.