गेलास नव्हे, गेलीस

१२ मार्च, गुरुवार

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत, तू आणि वहिनीही असाल. आईचा खोकला गेला. माझं शिलाई मशीन दुरुस्त होऊन आलं, आता आधीपेक्षा जास्त खडखडतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभ्याने, कारण बसवेना. रविवारी गाडी घेऊन येणार आणि आईला कायमची घेऊन जाणार म्हणतोस. का, तर फोनवर ती 'देवा, देवा' करत रडवेली झाली होती. "तुझ्या घरात देवाचं नाव नाही, म्हातारी तळमळतेय." वा रे वा. मी आईला देणार नाही. आधी हे लिहून टाकते, बाकीचं मग.

हो, माझ्याकडे प्रार्थना होत नाही. आमचे हे गेले तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवून "देवाची इच्छा" म्हणालास. त्या दिवसापासून मी देवाशी बोलत नाही. तुझ्याशीही बेताचंच बोलते, हे लक्षात आलं असेलच.

आई दिवसभर माझ्याशेजारी बसून जुने कपडे उसवते. गेल्या आठवड्यात मी शाळेच्या बाईंच्या कोटाला नवं अस्तर लावलं आणि चहा टाकायला आत गेले. तोवर हिने ते सगळं उसवून, घडी घालून ठेवलं. कापडाला एक भोक नाही. बाई हसल्या बिचाऱ्या. मी नाही हसले, आईवर ओरडले. तर घाबरून म्हणाली, "देवा, चुकलं माझं."

आता सांगतेच. इतके दिवस लपवलं, कारण तू लगेच धावत आला असतास.

आईला माझं नाव आठवत नाही, दादा. सहा महिने झाले. आधी 'अगं ए' म्हणायची, मग मला तुझ्या नावाने हाक मारायची, मग तेही गेलं. आता मला 'देवा' म्हणते. देवा, पाणी दे. देवा, केस ओढू नकोस. त्या दिवशी फोन तिच्या हातात देऊन मी गच्चीवरचे कपडे काढायला गेले होते. तू नीट ऐकलं असतंस तर कळलं असतं, ती विचारत होती, "देवा, कुठे गेलीस?" गेलास नव्हे, गेलीस.

पहिल्यांदा मी जाम चिडले. म्हटलं, त्याचं नाव मला नको, आमचं भांडण आहे. पण तिला तहान लागली होती, ती हात पुढे करून थांबली. मी ओ दिली आणि पाणी दिलं. तेव्हापासून रोज देते. आणि खरं सांगू, ओ दिल्यावर माझ्या हातून भांडं आपटत नाही. तिची नखं कापताना, वेणी घालताना खोलीत आणखी कुणीतरी असतं. मला ते आवडत नाही, पण असतं. कोण, ते तू मला शिकवू नकोस. मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

रविवारी ये. आईला गाडीतून फिरवून आण आणि संध्याकाळी इथेच आणून सोड. ती तुला ओळखणार नाही, मनाची तयारी करून ये. कदाचित तुलाही 'देवा' म्हणेल. तेव्हा हात जोडून वर बघत बसू नकोस. ओ दे, आणि खाली वाकून तिच्या चपलेचा पट्टा लाव.

तुझी धाकटी,
आईची देवा