अमोलच्या नावाने हौसाबाई

शनि., ५ एप्रिल

पाडव्याच्या नोंदीत लिहिलंय : "बेचाळीस जणींनी हो म्हटलं. आता नव्या जागी जायला हरकत नाही." हे चूक आहे. बेचाळीस खात्यांनी हो म्हटलं. त्यातली सव्वीस खाती पुरुषांच्या नावाची.

ती नोंद खोडत नाही. मला दुसरीपर्यंत आत्याने घरीच शिकवलं, तिचा पहिला नियम हाच. चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं. चूक कुठे झाली ते दिसलं पाहिजे.

कळलं ते असं. काल भोरच्या स्टँडवर सारिका भेटली, वेल्ह्याकडच्या हौसाबाईंची सून. म्हणाली, "ताई, ते नव्या जागेचं काय काडलंय तुमी? सासूबाईस्नी काय बी ठावं न्हाई. ह्यांनीच हो दाबलं."

ह्यांनी म्हणजे तिच्या नवऱ्याने, अमोलने. फोन त्याचा, खातं त्याचं, बोलणं आईचं. सहा वर्षं फोनवरच्या आमच्या गटात हौसाबाई अमोलच्या नावानेच आहेत. "अमोल" लिहितो, परसातल्या दुधीला चार कळ्या आल्या. खाली बाया विचारतात, हौसाबाई, राख घातली का? यात कुणालाच कधी वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आणि होकार मोजायची वेळ आली तेव्हा मी नावं मोजली.

रवि., ६ एप्रिल

स्वतःसाठी पुन्हा एकदा, नीट.

गट परसातल्या वेलांच्या बियांचा. दुधी, दोडका, काकडी, घेवडा. नियम बायांचेच : मूठभर बी न्यावं, पुढच्या वर्षी दोन मुठी परत करावं, बी कुणाचं ते नाव घेऊन सांगावं. विकायचं नाही. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वेलांची आळी घालायची, त्याआधी देणंघेणं उरकायचं.

जुन्या जागेत (यापुढे जु.) आता एकीचं लिहिलेलं दुसरीला दिसत नाही. मध्ये जाहिराती, नाचणारे लोक. आणि मुख्य म्हणजे हौसाबाईंचा व्हिडिओ. लांब मानेचा वाळलेला दुधी कापून बी काढतात, राखेत घोळवतात, तो. कुठल्याशा विक्रीच्या पानाने तो उचलला, त्यांचा आवाज काढून गाणं टाकलं आणि खाली "दुर्मिळ बियाणं, पाकीट मागवा". मी तक्रार केली. आठ मिनिटांत उत्तर : कोणताही नियम मोडलेला नाही. आठ मिनिटांत कुणी बघितलं असेल?

तेव्हाच ठरवलं. नवी जागा (न.). आखितीला, ३० तारखेला, जु. ला कुलूप. तशी सूचनाही लावली. किल्ली माझ्या एकटीकडे आहे.

मंगळ., ८ एप्रिल

रोहितदादाच्या दुकानात. चुलतभाऊ, कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. न. त्यानेच उभी केली.

"हे बघ, लिखाण साठवायची दोन घरं. भोरचं माझ्या दुकानातल्या मशीनवर, वेल्ह्याचं तुमच्या गटातल्या कदमबाईंकडे. दोन्ही घरं एकमेकांशी बोलतात. एक बंद पडलं तरी दुसरं चालू. मालक कुणीच नाही."

"म्हणजे तू मालक."

"भाडं न घेणारा," म्हणाला आणि हसला.

हसले मीही. पण घरी येताना वाटलं, त्याचं शटर बंद झालं तर? त्याला दुकान हलवावं लागलं तर? विचारायला हवं होतं.

अमोलचं सांगितल्यावर म्हणाला, "एकेकीच्या दारात जाऊन विचारत बसलीस तर पुढच्या आखितीला जाशील. आधी हलव. येतात लोक मागोमाग." सहा वर्षांचं सगळं लिखाण एका संध्याकाळी उतरवून देतो म्हणाला. मी थांब म्हटलं. ते माझं नाही.

शुक्र., ११ एप्रिल

अमोलला फोन. तो शिरवळला कंपनीत, पाळी संपल्यावर बोलला.

"व्हय ताई, मीच दाबलं. तुमी म्हनला चांगलंय, मंग म्या कशाला न्हाई म्हनू?"

"आईंना विचारलं नाहीत?"

"ती रानात हुती. आन तिला इचारलं तर ती म्हननार, मला काय कळतंय, तूच बघ."

रागवायला फोन केला होता, रागावता आलं नाही. सहा वर्षं पाळीवरून आल्यावर आई सांगेल ते हाच बोटांनी लिहितो. कळ्या मोजून लिहितो. न. मध्ये प्रत्येकीचं खातं तिच्या स्वतःच्या नावाने, याचा मला केवढा आनंद झाला होता. अमोल म्हणाला, "टाका की तिचं नाव. पन फोन तर माज्यासंगं कंपनीत आसतोय. उघडनार कोन?"

त्याच्या सुट्टीचा वार लिहून घेतला : रविवार.

रवि., १३ एप्रिल

भोंगवलीला आईकडे. शेजारच्या सरूकाकूंना न. दाखवली. चष्मा लावून नीट बघितलं त्यांनी.

"चांगलंय की. पन आमची लेक हाय का हितं?"

"नाही अजून."

"मंग म्या कुनाचं त्वांड बघू? बियानं काय, मी पिशवीत घालून बी आनून दीन तुला."

आई आतून, "अगं, तिला बियांपेक्षा नातीचा नाच बघायचा असतो."

सरूकाकू : "मंग? तुजी नात नाचत न्हाई म्हनून जळतीस व्हय?"

दोघी हसत सुटल्या. मी न. चं पान बंद केलं. नाच दाखवणाऱ्या जागेला मी मागच्या रविवारी नावं ठेवली होती.

गुरु., १७ एप्रिल

दुसरी दुरुस्ती. कालपासून टाळते आहे.

"व्हिडिओ पानाने उचलला" एवढंच लिहिलं होतं. तो उचलता आला, कारण मी तो सगळ्यांना खुला केला होता. अमोलने गटापुरताच टाकला होता. मला वाटलं, इतका चांगला आहे, जगाने बघावा. हौसाबाईंना विचारलं नाही. दोन वर्षं होऊन गेली. चोरी झाली हेही त्यांना अजून सांगितलेलं नाही. म्हणजे न विचारता "हो" दाबणारा अमोल पहिला नव्हे.

जु. सोडायची मला एवढी घाई का, याचं हेही एक उत्तर असू शकतं. कुलूप लावलं की तो व्हिडिओही डोळ्यांआड...

रवि., २० एप्रिल

दुपारी फोन वाजला. अमोलचं नाव. उचलला तर हौसाबाई. रविवारी त्याला सुट्टी.

"पोरी, उंदरांनी डबा फोडला गं. मानेच्या दुधीचं येक बी ठिवलं न्हाई. आक्खं घर शोधलं."

"अजून कुणाकडे असेल की, हौसाबाई."

"येकीकडंच. दत्ताच्या बायकुकडं. तिनं मूठभर न्हेलं हुतं. भोरच्या बाजारात मीच फडक्यात बांधून दिलं."

"नाव काय त्यांचं?"

"त्ये कुठं इचारलं! दत्ताची म्हनून दिलं. हिरवं लुगडं, हसली का दात पुडं. तिला म्हनावं दोन मुठी नगं, चार बिया दे. न्हाईतर आवंदा आखितीला माजं आळं रिकामं ऱ्हातंय. सासूनं दिल्यालं बी हाय ते."

शोधते म्हटलं. मग त्यांनीच विचारलं, "माजा त्यो भोपळ्याचा शिनेमा हाय का गं तितं आजून? बगत्यात का लोकं?"

"हो," म्हटलं. "बघतात."

खोटं नाही ते. म्हणूनच जास्त वाईट.

मंगळ., २२ एप्रिल

दत्ता नावाचं खातं सापडलं. जु. मध्येच, पाच वर्षांपूर्वीच्या एका ओळीत : "मला एक मूठ द्या, बाजारात भेटते." गावाचं नाव नाही. न. मध्ये ती आलेली नाही. ३० ला कुलूप लावलं असतं तर हा दोरा तुटलाच असता. कुणाकडे कुणाचं बी आहे हे सगळं फक्त तिथेच लिहिलेलं आहे आणि बहुतेक सगळं नवऱ्यांच्या आणि मुलांच्या नावाने. माझ्या हे आजवर लक्षात कसं आलं नाही?

निरोप पाठवला. दुकानात दादा म्हणाला, "त्या पानावरून पाकीटच मागव ना. चित्र तर तिच्याच दुधीचं आहे." चित्र तिच्या दुधीचं, पाकिटात काय ते देव जाणे. आणि हौसाबाई विकतचं बी परसात लावायच्या नाहीत. दादाला म्हटलं, तू हे त्यांच्यासमोर बोलून दाखव.

"नको बाई. उंदराऐवजी मला मारतील."

गुरु., २४ एप्रिल

दत्ताचं उत्तर आलं. "कोण पाहिजे?"

लिहिलं, तुमच्या मंडळींकडे दुधीचं बी होतं.

बऱ्याच वेळाने : "ती आता इथं नसते. माहेरी असते. सारोळ्याला."

नंबर विचारला. त्याने बघितलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं नाही. कुणाच्या घरातलं काय ते मला माहीत नाही.

इतके दिवस मी समजत होते, जु. उघडी ठेवली की बाया हाताशी राहतात. त्या नावामागे ती बाई किती दिवसांपासून नाही, कुणास ठाऊक. आम्ही तिला वाचत होतो की... जु. मध्ये नाही, न. मध्ये नाही. सारोळ्याला आहे.

३० च्या कुलपाची सूचना मागे घेतली. पुसली नाही. खाली लिहिलं : "वरची तारीख रद्द. मी खात्यांना विचारलं, तुम्हाला नाही. चूक माझी." सात जणांपर्यंत पोचलं असं जु. सांगते.

शुक्र., २५ एप्रिल

आईला फोन. सारोळं भोंगवलीहून जवळ, तिचं येणंजाणं असतं.

"हिरव्या लुगड्याची, दात पुढे," म्हटलं.

"अशा शंभर असतील."

"माहेरी येऊन राहिलेली. दुधी लावते."

आई म्हणाली, "पुलाच्या अलीकडं एक रसाचं गुऱ्हाळ आहे. तिथं एक नवीन बाई बसते. बोलत नाही फारशी. छपरावर वाळलेला दुधी ठेवलाय, बियांसाठी असावा. मान लांब आहे त्याची."

तीच असेलही. नसेलही. आई म्हणाली, उद्या शनिवार, ये, दोघी जाऊ.

येते म्हणणार होते. आधी आत्याशी बोलून कळवते म्हटलं.

शुक्र., संध्याकाळ

घरी आत्याला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग उद्या सारोळ्याला जाऊन बी आण आणि परवा हौसाबाईंना दे. सोपं आहे."

"आणि व्हिडिओचं?"

"ते बी दिल्यावर सांग."

मग सूप खाली ठेवून म्हणाली, "नको. मी चुकले. तसं नको."

तिच्याही लक्षात आलं. बी हातावर ठेवून सांगितलं तर त्या रागवायच्याच नाहीत. त्यांना रागवायची जागाच उरणार नाही. ते पुन्हा न विचारता "हो" दाबल्यासारखंच.

आईला कळवलं : शनिवारी नको, सोमवारी येते. आई म्हणाली, तोवर तो दुधी कुणी नेला तर? नेला तर नेला. आळ्याला बुधवारपर्यंत वेळ आहे. चार बियांचा प्रश्न आहे आणि त्या माझ्या नाहीत.

क्रम ठरला. आधी हौसाबाई, रिकाम्या हाताने. फोन अमोलच्या नाही, त्यांच्या हातात द्यायचा. पहिल्यांदा व्हिडिओ : कुणी खुला केला, कुणी नेला, आवाज काढून टाकला ते. तो व्हिडिओ त्यांना दाखवायचा, गाण्यासकट. मग जागेचं : जु., न., की कुठेच नाही. त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत इथे लिहायचं. मग सारोळं.

अमोलला सुट्टी असते, फोन घरी असतो, त्या दिवशी. परवा, रविवार, २७ एप्रिल. सकाळी वेल्ह्याकडे जाणारी पहिली एस.टी.