प्याल्यात उरलेलं

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खजिनदार आज पुन्हा कपाटापाशी! "बाई, द्राक्षारसाच्या बाटल्या हल्ली फार लवकर संपतात." हल्ली म्हणजे मी चर्चच्या कामाला लागल्यापासून — एवढं म्हणायचं त्यांनी टाळलं. दारू सोडलेल्या बाईच्या कमरेला त्याच कपाटाची किल्ली, लोकांना आयताच विषय.

दादा मधे पडला. "माझी बहीण आहे. तिची हमी माझी." दादा इथला फादर, म्हणून खजिनदार गप्प बसले. पण ही नोकरी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की लेक नणंदेकडेच राहणार. नणंदेने तोंडावर सांगितलंय — "ईस्टरपर्यंत नीट राहून दाखव, मग पोरीला ने."

१८ फेब्रुवारी

किल्ल्या दोनच. एक माझी, एक दादाची. मग मी झोपेत उठून पिते की काय? सकाळी उठल्या उठल्या तळहातावर फुंकर मारून वास घेतला. खरंच घेतला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मी दादाच्या झग्याला इस्त्री करत होते, तो रविवारचं प्रवचन लिहीत होता. विषय — सैतान रानात उपाशी येशूला मोह घालतो तो.

"तो देवच ना? म्हणजे पडणारच नव्हता. निकाल आधीच लागलेला, मग परीक्षा कसली?" मी विचारलं.

"पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. अर्धा-अर्धा नाही."

"पूर्ण माणूस? मग हात थरथरले असतील त्याचे?"

दादाने लिहिलेली एक ओळ खोडली. मग म्हणाला, "झगा जळेल."

असा राग आला! शिकलेल्या माणसाला अडचणीचं विचारलं की त्याला इस्त्री दिसते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जाऊन आले. दादाला म्हटलं होतं, चल, प्रवचनाला उपयोग होईल. "मला कुठे वेळ?" तोंडात लवंग. घसा बसलाय म्हणे — महिनाभर बसलाय.

२२ फेब्रुवारी, रविवार

प्रवचन छान झालं, सगळे म्हणाले. मला नाही पटलं. त्याचा येशू जराही डगमगला नाही.

मिस्सेची प्रार्थना संपते न संपते तोच एक माणूस धावत आला. त्याचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. दादाने घाईघाईने मरणाऱ्याला लावायच्या तेलाची कुपी उचलली आणि जाता जाता वेदीवरच्या द्राक्षारसाच्या प्याल्याकडे बोट दाखवलं. "तेवढं संपव गं!" माझ्या आधी कामाला होत्या त्या बाईंना सांगायचा, त्याच सवयीने. मी कोण आहे हे विसरलाच.

अर्धा प्याला होता. दादा नेहमी जास्तच ओततो. आशीर्वाद झालेला रस मोरीत ओतायचा नसतो, बाटलीत परत घालायचा नसतो, प्यायचाच असतो. माणसं तर सगळी पांगलेली. तो आता ख्रिस्ताचं रक्त, हे मी मानते. पण वास? वास जसाच्या तसा! देव पुरता उतरला तरी द्राक्षं कुठे गेली नाहीत. मी प्याल्यावर रुमाल झाकला, हात मांडीखाली घातले आणि समोर बसून राहिले. म्हटलं, तू आत आहेस ना, मग तूच थांबव मला. तोंडाला पाणी सुटलं होतं. लाज वाटली, पण उठले नाही.

दादा दुपारी परतला. मला पाहून त्याचा चेहराच उतरला. "घेतलंस?"

"नाही."

त्याने प्याला दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात संपवला. पाणी घालून खळबळून तेही प्यायला. थेंबही ठेवायचा नाही, असा नेमच आहे. पण मग कडेवरून बोट फिरवलं आणि डोळे मिटून चाटलं. ते बोट मी ओळखते. वर्षानुवर्षं माझंच होतं ते.

मी रुमालाची घडी घातली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

खजिनदारांनी किल्ली मागितली. "तुमच्याच भल्यासाठी." दादाचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य, आणि लेक घरी! गिळलं. किल्ली दिली. नंतर मोरीत उभी राहून पोटभर रडले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठकीला निघाले तर दादा दारात. अंगात साधा सदरा. "खजिनदारांना सगळं सांगून आलो. चल, मलाही यायचंय." चपलेचा पट्टा काही केल्या त्याला लावता येईना. शेवटी मीच वाकून लावला.

"तू विचारलं होतंस ना," तो म्हणाला, "त्याचे हात थरथरलेच असतील गं."